सोन्याच्या वर्खाखाली

जुन्या युरोपीय तैलचित्राभोवतीच्या भरजरी सोनेरी चौकटीत सोने जवळजवळ नसतेच. वर्खाचे एक पान साधारण ८० मिलिमीटर लांब-रुंद असते आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी. एक ग्रॅम सोने या जाडीला कुटले की सुमारे अर्धा चौरस मीटर जागा झाकते. दीड-दोन हात उंचीच्या चित्राभोवती चार बोटे रुंदीची कोरीव चौकट करायची, तर दोन-तीन ग्रॅम सोन्यात ती सगळी मढते. मिठाईवरचा चांदीचा वर्ख बोट लागताच जसा दिसेनासा होतो, तसाच हाही. उजेडासमोर धरला तर त्यातून हिरवट-निळा प्रकाश आरपार येतो. अशा पानाला स्वतःचा आकार नाही, बळ नाही. ते ज्यावर बसते त्याची प्रत्येक रेघ, प्रत्येक खरखर आणि थोडाफार रंगही ते बाहेर दाखवते. म्हणून हातघडणीच्या सोनेरी चौकटीचा जीव वर्खाखालच्या चार थरांत असतो. लाकूड, सरस, खडू आणि तांबडी माती असे ते चार थर.

युरोपात चौकट ही चित्र पूर्ण झाल्यावर आठवायची वस्तू नव्हती. तेराव्या-चौदाव्या शतकांत इटलीत चर्चमधल्या वेदीसाठी लाकडी फळ्यांवर चित्रे रंगवत, आणि पुष्कळदा फळी व तिची उठावदार कड एकाच लाकडातली असे. सुतार मधला भाग खोलगट तासून घेई आणि कडा उंच ठेवी. मग त्या सबंध वस्तूवर एकाच वेळी खडूचा लेप चढे, कडांना आणि चित्राच्या पार्श्वभूमीला एकाच वेळी सोने लागे, आणि चित्रकार रंग हाती घेई तो सगळ्यात शेवटी. चित्र कुठे संपते आणि चौकट कुठे सुरू होते, हा प्रश्नच तिथे उद्भवत नसे. तस्कनीतल्या चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास चित्रकलेच्या कामाची एक पुस्तिका लिहिली. सरस कसा शिजवावा, लेप किती द्यावेत, माती कशी वाटावी, सोने कशाने घोटावे हे सारे तिच्यात तपशीलवार आहे. आजही कारागीर जवळजवळ त्याच क्रमाने काम करतात. सहाशे वर्षांत ज्याचा क्रम फारसा बदलला नाही अशी हस्तकला दुर्मिळच म्हणायची.

त्या काळी चौकटीला मान किती होता, ते कागदपत्रांतून दिसते. मिलानमधल्या एका धर्मबंधुसंघाने १४८० मध्ये जाकोमो देल माइनो या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराशी वेदीच्या भव्य लाकडी चौकटीचा करार केला. तिच्यात बसवायच्या चित्रांसाठी लिओनार्दो दा विंची आणि दे प्रेदिस बंधू यांच्याशी करार झाला तो त्यानंतर तीन वर्षांनी, १४८३ मध्ये. त्या करारात चित्रांबरोबर कोरीवकाम रंगवणे आणि त्यावर सोने चढवणे हेही काम होते. ‘व्हर्जिन ऑफ द रॉक्स’ हे जगप्रसिद्ध चित्र असे आधीच ठरलेल्या चौकटीच्या मापाने जन्मले. ती चौकट पुढे मोडली, तिचे भाग पांगले. चित्र मात्र उरले, तेही एक सोडून दोन आवृत्त्यांत. एक पॅरिसला, एक लंडनला.

ज्यांचे भाग्य थोर, अशा काही चौकटी चित्राबरोबर टिकल्या. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात जेंतिले दा फाब्रियानोचे १४२३ चे ‘राजांचे वंदन’ आजही मूळ चौकटीत आहे. तिच्या बाजूच्या खांबांवर सोन्याच्या जमिनीवर खरीखुरी वाटावीत अशी फुले रंगवलेली आहेत. त्याच संग्रहालयात मायकेलअँजेलोचे ‘दोनी तोंदो’ हे गोल चित्रही मूळ गोल चौकटीत आहे. वेलबुट्टीच्या कोरीवकामातून पाच मस्तके चौकटीबाहेर वाकून बघतात आणि चित्रातल्या आकृत्यांच्या वळणाला जणू दाद देतात. ते चित्र चौकटीवाचून नुसते छापील पानावर पाहणाऱ्याला त्याचे अर्धेच दर्शन घडते.

चित्रे चर्चमधून घरात आली तशी चौकट सुटी झाली, आणि प्रत्येक देशाने, प्रत्येक पिढीने तिला आपला घाट दिला. इटलीत सोळाव्या शतकात ‘कासेत्ता’ रूढ झाली. शब्दाचा अर्थ छोटी पेटी. आतबाहेर दोन गोलसर पट्ट्या आणि मध्ये सपाट पट्टा, एवढीच तिची रचना; पण त्या सपाट पट्ट्यावर ठशांची बारीक नक्षी असे, किंवा सोन्यावर रंगाचा थर देऊन तो टोकदार काडीने खरवडून खालची सोनेरी वेल उघडी केलेली असे. व्हेनिसमध्ये त्याच शतकाच्या उत्तरार्धात गुंडाळलेल्या कागदासारखी वळणे, मुखवटे आणि फळांचे घोस यांनी गजबजलेल्या चौकटी आल्या. याकोपो सान्सोव्हिनो या वास्तुकाराच्या इमारतींवरच्या नक्षीशी साम्य असल्यामुळे त्यांना पुढे त्याचे नाव चिकटले. हॉलंडने सतराव्या शतकात काळ्या आबनुसी चौकटीला पसंती दिली, तरी सोने तिथेही पूर्ण हटले नाही.

चौकटीचे खरे वैभव मात्र फ्रान्सचे. तिथल्या शैली राजांच्या नावाने ओळखल्या जातात, आणि थोडा सराव झाला की दालनात शिरताच त्या ओळखू येतात. तेराव्या लुईच्या काळातल्या चौकटीवर पानाफुलांची माळ चारी बाजूंनी अखंड फिरते. चौदाव्या लुईच्या चौकटीत जोर कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर येतो, कंगोरेदार अकँथसची पाने भारदस्त होतात. पंधराव्या लुईपर्यंत सरळ रेघच उरत नाही. कड लाटेसारखी वळते, कोपऱ्यांतून शिंपले उमलतात आणि कोरीवकामाला भोके पडून पलीकडची भिंत दिसू लागते. मग सोळाव्या लुईच्या काळात सारे पुन्हा सरळ होते. मण्यांची ओळ, पानांची बारीक पट्टी, वर फार तर एखादी रिबिनीची गाठ. या कामाची वाटणीही काटेकोर होती. सुतार एक, कोरणारा दुसरा, आणि सोने चढवणारा तिसरा.

या भरजरी काळात चित्रकारांना चौकटीची काळजी वाटे, आणि ती रास्त होती. निकोला पूसाँ याने १६३९ मध्ये आपले ‘मान्ना गोळा करणारे इस्राएली’ हे चित्र रोमहून पॅरिसला पाठवताना शाँतलू या आपल्या आश्रयदात्याला पत्रातून विनंती केली, की चित्राला चौकट घालावी, म्हणजे पाहणाऱ्याची नजर शेजारच्या वस्तूंकडे पांगणार नाही. आणि ती साधी, चकाकी नसलेल्या सोन्याची असावी, कारण तसे सोने रंगांशी गोडीने मिळून जाते. चौकटीचे काम काय, याचे याहून नेमके वर्णन क्वचितच कुणी केले असेल. भिंत आणि चित्र यांच्यामध्ये नजरेला थांबायला एक उंबरठा लागतो. सोने या कामी अशासाठी बरे, की ते उष्ण आहे, त्याला तेज आहे, आणि तरी चित्रातल्या कुठल्याही रंगाशी ते भांडत नाही. शिवाय मेणबत्तीच्या हलत्या उजेडात घोटलेले सोने उजेड परतवते आणि न घोटलेले तो पिऊन टाकते. ज्या खोल्यांसाठी या चौकटी घडल्या, त्या सूर्यास्तानंतर अंधाऱ्या असत. विजेच्या सपाट पांढऱ्या उजेडात चौकट भडक वाटते, यात तिचा दोष नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरणाऱ्याच्या पटाशीला स्पर्धक आला. खडूची पूड, सरस, राळ आणि जवसाचे तेल एकत्र तिंबून कणकेसारखा गोळा करायचा, तो गरम असताना लाकडाच्या उलट्या कोरलेल्या साच्यात दाबायचा आणि निघालेली नक्षी साध्या चौकटीवर चिकटवायची. व्यापारात याला ‘कंपो’ म्हणतात. एकदा साचा झाला की शंभर फुटांची वेल एकाच दिवसात निघे. एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गाच्या घराघरांत सोनेरी चौकटी पोचल्या त्या या मिश्रणामुळे. मात्र ते वाळून आकसते, आणि कालांतराने नक्षीवर ठरावीक अंतराने आडव्या चिरा पडतात. चौकट कोरीव आहे की साच्यातली, हे ओळखायला या चिरा पुरेशा असतात. दुसरी खूण म्हणजे तंतोतंत सारखेपणा. हाताने कोरलेली दोन पाने कधीच अगदी एकसारखी नसतात.

त्याच शतकात चित्रकारांनी या सोनेरी गर्दीविरुद्ध बंडही केले. इंग्लंडमध्ये फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन आणि रोझेटी यांनी खडूचा लेप टाळून थेट ओक लाकडावर सोने चढवले, म्हणजे वर्खाखालून लाकडाच्या रेषा दिसाव्यात. दगा आणि पिसारो यांनी पांढऱ्या आणि रंगीत चौकटी वापरून पाहिल्या. गंमत अशी की त्यांची चित्रे विकणाऱ्या द्युराँ-र्युएल या व्यापाऱ्याने ती पुष्कळदा पंधराव्या लुईच्या घाटाच्या सोनेरी चौकटींतच गिऱ्हाइकांपुढे मांडली. नव्या चित्राला जुन्या घरात प्रवेश मिळावा म्हणून.

आज अशी चौकट हाताने घडवायची तर काम लाकडापासून सुरू होते. इटालियन घाटाला पॉप्लर, फ्रेंच घाटाला ओक, इंग्रजी घाटाला पाइन किंवा लिंडन ही जुनी निवड आजचे चोखंदळ कारागीरही पाळतात, कारण मागची बाजू उलटून बघणारा जाणकार पहिल्यांदा लाकूडच बघतो. लाकूड काही वर्षे मुरलेले हवे. ओलसर लाकडाची चौकट वर्षभरात कोपऱ्यांत उघडते, आणि वरचे सगळे थर तिच्याबरोबर फाटतात. कोपऱ्यांची जोडही काळाप्रमाणे बदलते. कुठे लाकडे अर्धी-अर्धी खाचून एकमेकांवर बसवलेली, कुठे ४५ अंशांत कापून मागून पाचर मारलेली. कोरणारा पाने-फुले मुद्दाम थोडी ठसठशीत आणि खोल ठेवतो, कारण पुढे येणारा लेप निम्मा बारकावा बुजवणार असतो.

मग सरस. सशाच्या कातड्यापासून केलेला सरस रात्रभर पाण्यात फुगवतात आणि गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून हळूहळू विरघळवतात. तो उकळू द्यायचा नाही. उकळला की त्याची चिकाटी मरते. सरसाचा पहिला हात लाकूड पिऊन टाकते. जोडांवर तागाच्या कापडाच्या पट्ट्या सरसात भिजवून बसवतात, म्हणजे लाकूड जरा हलले तरी भेग वरपर्यंत पोचत नाही.

त्यानंतर लेप. इटालियन भाषेत त्याला ‘जेस्सो’ म्हणतात. इटलीत तो जिप्समचा, आल्प्सच्या उत्तरेला खडूच्या पुडीचा. चेन्निनीने जिप्समची पूड महिनाभर रोज पाण्यात ढवळून तिची घट्ट होण्याची खोड मोडायला सांगितले आहे. अशी निवलेली पूड रेशमासारखी मऊ होते. कोमट सरसात पूड अलगद सोडायची, ढवळताना हवा शिरू द्यायची नाही. बुडबुडा शिरला तर वाळल्यावर तिथे सुईच्या टोकाएवढे भोक राहते आणि सोन्यानंतर ते काळ्या ठिपक्यासारखे डोळ्यांत खुपते. लेपाचे आठ-दहा हात देतात. वरचा थर खालच्याहून कडक झाला तर तो खालच्याला ओढून फोडतो, म्हणून सरसाचे प्रमाण कारागीर बोटांच्या चिमटीत चिकटपणा अजमावून सांभाळतो.

वाळलेला लेप हस्तिदंतासारखा दिसतो आणि कोरीवकाम त्याखाली धुक्यात बुडाल्यासारखे अस्पष्ट होते. इथे जे काम येते, त्यावरून चांगली आणि सामान्य चौकट वेगळी होते. वाकड्या टोकाच्या बारीक हत्यारांनी कारागीर त्या लेपातच नक्षी पुन्हा कोरतो. पानांच्या शिरा, फुलांच्या पाकळ्यांच्या कडा, पार्श्वभूमीवरची जाळी. लाकडात जे कोरता येत नाही इतके नाजूक काम मिलिमीटरभर खडूत कोरता येते. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या चौकटींवरची केसासारखी बारीक रेघ लाकडात नसून या थरात आहे. चौकटीत पैसा कुठे वाचवला जातो असे विचारले, तर उत्तर बहुधा हेच काम निघते. ते गाळले तरी चौकट सोनेरीच दिसते, फक्त वितळलेल्या मेणासारखी.

लेपावर मातीचे हात येतात. लोहाचा अंश असलेली ही अत्यंत बारीक चिकणमाती. पूर्वी ती आर्मेनियाहून येई, म्हणून तिच्या नावात आर्मेनिया राहिला. मराठी वाचकाला गेरूची आठवण व्हावी असा तिचा तांबडा रंग, पण ती पिवळी, काळी, करडीही मिळते. पिवळी माती सगळीकडे देतात, म्हणजे खोल खाचांत सोने पोचले नाही तरी उणीव कळत नाही. उंच भागांवर तांबडी. सोने इतके पातळ की खालच्या मातीची छटा त्यातून जाणवते. तांबडीवरचे सोने उबदार, पिवळीवरचे हलके, करडीवरचे थंड. अमुक काळातली शैली हवी असेल, तर आधी त्या काळातली माती कुठली हे माहीत असावे लागते.

आता वर्ख. खोलीची दारे-खिडक्या लावतात, पंखा बंद. कातड्याच्या छोट्या गादीवर तीन बाजूंनी चर्मपत्राचा आडोसा केलेला असतो. त्यात पान उतरवायचे, मध्यावर हलकी फुंकर घालून ते पसरवायचे आणि बिनधारेच्या लांब सुरीने हवा तो तुकडा कापायचा. उचलायला खारीच्या केसांचा रुंद, चपटा कुंचला असतो. कारागीर तो आधी स्वतःच्या गालावरून फिरवतो. कातडीवरचा किंचित तेलकटपणा केसांना लागतो आणि तेवढ्याने पान चिकटून उचलले जाते. दुसऱ्या हाताने मातीवर पाण्याचा हात फिरतो. त्या पाण्यात थोडे अल्कोहोल आणि नाममात्र सरस. पाण्याने मातीतला सरस जागा होतो. पान जवळ आणताच ओली जागा त्याला ओढून घेते, कुंचल्यावरून ते झेप घेतल्यासारखे सुटते. चुकले तर सरकवता येत नाही. प्रत्येक पान शेजारच्यावर थोडे चढवायचे, आणि भेगा पडतील तिथे पुन्हा तुकडे बसवायचे.

या घटकेला चौकट निस्तेज, पिवळसर, सुरकुतलेल्या कागदासारखी दिसते. तेज येते ते अकीकाच्या ओपणीने. कुत्र्याच्या सुळ्यासारख्या वाकड्या आकाराचा गुळगुळीत अकीक लाकडी दांड्यात बसवलेला असतो. चेन्निनीच्या काळी खरेच सुळे वापरत. वेळ साधणे अवघड. माती आत ओलसर असेल तर दगड सोने फाडतो, पार वाळली असेल तर कितीही घासून ओप चढत नाही. हवेप्रमाणे दोन तासही लागतात, पावसाळी दिवसात संध्याकाळ होते. कारागीर दगडाने हलकेच टकटक करून ऐकतो. बद्द आवाज आला की थांबायचे, टणक आवाज आला की घोटायला घ्यायचे. दगडाखाली मातीचे कण दबून सपाट होतात, सोने त्यांच्यावर ताणून बसते आणि डोळ्यांदेखत तो पट्टा धातूसारखा उजळतो. सगळी चौकट मात्र घोटत नाहीत. उंचवटे आणि कडा झळकत्या ठेवून मधल्या भागांवर सरसाचे पातळ पाणी देतात, म्हणजे तिथले सोने मऊ, मखमली राहते. पूसाँला हवे होते ते हे सोने.

वर्ख चढवण्याची दुसरी रीत तेलाची. जवसाच्या तेलाचा चिकटा लावून तो पुरेसा सुकला की वर पान ठेवायचे. काम सोपे आणि उन्हा-पावसात टिकणारे, म्हणून घुमट आणि लोखंडी जाळ्या याच रीतीने सोनेरी होतात. मात्र तेलावरचे सोने घोटता येत नाही. आणखी स्वस्त वाट म्हणजे चांदीच्या वर्खावर पिवळे वार्निश. इटलीत ती जुनी आणि प्रतिष्ठित रीत होती. पितळी वर्ख आणि सोनेरी रंगाची पूड यांची गोष्ट वेगळी. त्यात तांबे असते, ते हवेने काळवंडते. जुन्या चौकटीवर कुणी हौसेने सोनेरी रंग फासलेला असेल, तर काही वर्षांत तिथे तपकिरी-हिरवट डाग उमटतात, आणि खाली शाबूत असलेले खरे सोने मोकळे करायला तज्ज्ञाला महिने घालवावे लागतात.

जुन्या शैलीची नवी चौकट जुन्या चित्राभोवती शोभायची तर ती नवीकोरी दिसून चालत नाही. इथे कारागिराची जाण कसाला लागते. खरी चौकट शतकानुशतके जिथे हात लागला, जिथे फडके फिरले, तिथे झिजते; म्हणजे उंचवट्यांवर आणि खालच्या कडेवर. तिथे तांबडी माती डोकावते. धूळ साचते ती वरच्या कडेला आणि खाचांत. आणखी एक बारीक खूण आहे. पान पानावर चढलेले असते तिथे सोने दुप्पट, म्हणून झिजलेल्या चौकटीवर साधारण आठ-आठ सेंटिमीटरवर सोन्याच्या आडव्या रेघा उरतात. हे ध्यानात न घेता सगळीकडे सारखे घासलेले, काळा रंग शिंपडलेले आणि खिळ्याने लाकूडकिड्याची भोके पाडलेले काम पाहणाऱ्याला फसवत नाही, त्रासच देते. चांगला कारागीर कापसाच्या बोळ्याने मोजक्या जागी सोने विरळ करतो, करड्या पातळ रंगाचा हात देऊन पुसून घेतो आणि थांबतो. शंभर-दोनशे वर्षांचा खोटा दाखला चौकटीला देणे हे त्याचे काम नव्हे. चित्राच्या रंगांपेक्षा तिचा आवाज चढू नये, एवढेच.

अशा नव्या चौकटींची गरज पडते, कारण मूळ चौकटी बहुतेक हरवल्या. संग्राहक बदलला की तो आपल्या दिवाणखान्याला साजेशा चौकटी चढवी, जुन्या अडगळीत जात. लूव्रमधली ‘मोना लिसा’ आज ज्या चौकटीत आहे ती इटालियन रेनेसाँच्या काळातली खरी, पण त्या चित्राची नव्हे. १९०९ मध्ये एका उमराव स्त्रीने ती भेट दिली. दोनच वर्षांनी चित्र चोरीला गेले तेव्हा चोराने ती चौकट जिन्यात टाकून दिली होती. संग्रहालयांपुढे मग तीन वाटा असतात. त्याच काळाची, त्याच प्रदेशाची रिकामी चौकट शोधायची. ती मोठी असेल तर कापून लहान करायची. किंवा जुन्या नमुन्यावरून नवी घडवायची. यातली मधली वाट दुःखाची. कोरीव वेलीची लय कापली जाते आणि एक अस्सल वस्तू कायमची बिघडते. त्यापेक्षा नवी प्रामाणिकपणे घडवलेली चौकट कितीतरी बरी. आता चौकटींकडे स्वतंत्र कलावस्तू म्हणून बघितले जाऊ लागले आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २०१५ मध्ये केवळ सान्सोव्हिनो चौकटींचे प्रदर्शन भरवले. आणि बोस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात १९९० च्या मार्चमध्ये तेरा कलावस्तू चोरीला गेल्या, त्यांतल्या काही चित्रांच्या रिकाम्या चौकटी अजूनही भिंतीवर त्याच जागी टांगलेल्या आहेत.

मराठी माणसाला ही कला जवळून पाहायची असेल तर जुने गोवे गाठावे. तिथल्या चर्चमधल्या भव्य सोनेरी वेद्या याच घराण्यातल्या. कोरलेले लाकूड, त्यावर लेप, त्यावर सोने. पोर्तुगीज भाषेत या कामाला ‘ताल्या दोरादा’ म्हणतात. से कॅथिड्रलच्या मुख्य वेदीवर संत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरून सोन्याने मढवले आहेत. तिचे खांब, वेली आणि कमानी बघताना वेदीतूनच चौकट कशी निघाली हे आपोआप उलगडते. दुसरे एक नाते तंजावरचे. भोसले राजांच्या आश्रयाने तिथे बहरलेल्या चित्रांत फळीवर कापड, त्यावर खडूचा उठावदार लेप आणि त्यावर सोन्याचा पत्रा चढतो. तिथे मातीचा थर नाही, अकीकाचा ओपही नाही; पण सोन्याला आकार द्यायचा तर आधी खडूला द्यावा लागतो, हे तिथल्या कारागिरालाही ठाऊक होते.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातली सोनेरी चौकट आहे, त्यांनी तिची निगा कोरड्या हातांनी राखावी. घोटलेल्या सोन्याखालचे सगळे थर पाण्यात विरघळणारे असतात. ओल्या फडक्याच्या एका फटक्यात सोने पुसले जाऊन तांबडी माती हाती येते. काचेवर फवारायचे द्रव चौकटीच्या आसपासही नकोत. काच पुसायची तर फडक्यावर थोडे घेऊन, कडेपासून दूर. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने वरून खाली झटकावी. पश्चिमेकडची भिंत कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ओल धरते; तिच्यावर चौकट टांगू नये, आणि टांगलीच तर मागे बुचाचे दोन तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. चौकट उचलताना नक्षीला न धरता दोन्ही बाजूंच्या लाकडाला खालून आधार द्यावा. एखादे पान किंवा फूल निखळले तर घरच्या गोंदाने चिकटवू नये. ते पाकिटात घालून, कुठल्या कोपऱ्यातले ते वर लिहून, चौकटीच्या पाठीशी टाचून ठेवावे. चौकट दुरुस्तीला जाईल तेव्हा कारागीर तो निखळलेला तुकडाच मूळ जागी बसवील.